हाक न मारता

आधीच सांगून टाकतो, चूक माझी होती. आमच्या हिला विचारलंत तर तीही हेच सांगेल, फक्त जरा मोठ्या आवाजात आणि पदरच्या चार गोष्टी घालून. तेव्हा मीच सांगितलेलं बरं.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. बत्तीस वर्षं तेच करतोय. लोक म्हणतात, त्यात काय मोठं, वर जाते नि खाली येते. म्हणू देत. अडकली की त्याच लोकांची बोबडी वळते, तेव्हा मी त्यांना देव वाटतो. दार उघडलं की पुन्हा ओळखदेख नाही.

आमच्या कामात एक नियम आहे. मेन स्विचचा खटका पाडायच्या आधी दारात उभं राहून तीनदा ओरडायचं, ‘आत कोणी आहे का?’ प्रत्येक हाकेनंतर दहापर्यंत आकडे मोजायचे. उत्तर आलं नाही, तरच खटका खाली. माझ्या वस्तादांनी हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं, कारण त्यांच्या एका जोडीदारानं जेवायच्या घाईत हाक न मारता खटका पाडला होता आणि आत एक पोटुशी बाई चाळीस मिनिटं अंधारात उभी होती. मी हा नियम बत्तीस वर्षांत एकदाही मोडला नाही. इमारत रिकामी असो, सुट्टीचा दिवस असो, समोर रखवालदार ‘अहो, कोणी नाही, मी बघितलंय’ म्हणत असो, मी आपला कोकलतोच. कामावर सगळे मला ‘आत-कोणी-आहे-का’ म्हणूनच चिडवतात. चिडवू देत.

आता आमचे चिरंजीव. वय सत्तावीस, उंची सहा फूट एक इंच, घरातलं नाव टिल्लू. बारशाला कोण पुढचा विचार करतो! नकाशे काढायच्या एका ऑफिसात तो चांगला चार वर्षं होता. ते ऑफिस एका शुक्रवारी बंद पडलं. पहिले दोन महिने त्यानं अर्ज केले, दोन-तीन ठिकाणी जाऊनही आला. मग हळूहळू अर्ज थांबले आणि गेम सुरू झाला. सकाळी उठला की कानाला हेडफोन, अंधार पडला तरी कानाला हेडफोन. खोलीचं दार लोटलेलं. आतून आवाज यायचे, ‘डावीकडे, डावीकडे! थांबा, मी सांगेपर्यंत कोणी उतरू नका!’ सत्तावीस वर्षांचा घोडा, आणि कोणाला उतरू नका सांगतोय तर पडद्यावरच्या बाहुल्यांना. माझं डोकं फिरायचं.

असे चौदा महिने गेले. आम्ही काय नाही केलं? हिनं जेवणाचं ताट खोलीत न्यायचं बंद केलं, तर हा पाव आणि केळी घेऊन आत जायला लागला. मी इंटरनेटचा डबा कपाटात लपवला, तर ही औषधांच्या दुकानात कामाला असते, तिथला हिशोब तिला घरून पाठवता येईना, म्हणून तिनंच तो परत काढून दिला. हिचा भाऊ फोनवरून सल्ले द्यायचा. ‘भाऊजी, एकदा कडक व्हा. बाप आहात का कोण आहात?’ त्याचं स्वतःचं कुत्रं ऐकत नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय.

खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. राग हा वरचा देखावा. रात्री कूस बदलताना मनात यायचं, आम्ही दोघं गेल्यावर हा त्या खोलीतच बसून राहील. दार कोण वाजवेल?

म्हणून मी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. आमच्या साहेबांकडे शब्द टाकला. आमच्याकडे लिफ्टच्या वायरिंगचे नकाशे काढणारा माणूस हवा होता. साहेब म्हणाले, ‘तुमचा मुलगा आहे म्हणून घेणार नाही. पण भेटतो. सोमवारी अकराला पाठवा.’ मी घरी येऊन सांगितलं. टिल्लू ‘बरं’ म्हणाला. ते ‘बरं’ मी तीन दिवस जपून ठेवलं.

सोमवारी मी एका इमारतीत सकाळपासून लिफ्टच्या विहिरीत, शाफ्टमध्ये होतो. तिथं फोन लागत नाही. बाराला वर आलो आणि पहिला फोन ऑफिसला केला. तिथली रिसेप्शनवरची बाई म्हणाली, ‘तुमच्याकडचे अकराला कोणी आले नाहीत हो.’

बस. हत्यारं तशीच टाकली आणि तडक घर गाठलं. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं तयार केलं. जपून ठेवलेलं ते ‘बरं’ आता जळत होतं. जिना चढून दार उघडलं, तर आतून तोच आवाज. ‘थांबा, थांबा. मी सांगेपर्यंत कोणी उतरू नका.’

मी त्याच्या खोलीकडे गेलोच नाही. चप्पलसुद्धा काढली नाही. दाराशेजारी आमचा मीटरचा बोर्ड आहे. हात वर केला आणि घराचा मेन खटका पाडला.

टक्. एवढाच आवाज. पंखे थांबले, फ्रिज थांबला, टिल्लूच्या खोलीतून आवाज यायचा बंद झाला. कसं गार वाटलं म्हणून सांगू! वाटलं, हेच चौदा महिन्यांपूर्वी करायला हवं होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून ही आली. हातात इस्त्री. ‘अहो, लाइट गेली का? आणि तुम्ही इतक्या लवकर कसे? एकच बाही झाली हो शर्टाची.’

‘कोणाच्या शर्टाची?’

‘कोणाच्या म्हणजे? टिल्लूच्या. तीनला जायचंय ना त्याला.’

‘तीनला?’

‘साहेबांना त्यानं परवाच मेसेज केला, अकराऐवजी तीनला येऊ का म्हणून. ते हो म्हणाले. मला आज सकाळी कळलं. तुम्हाला फोन करून करून बोटं दुखली माझी, तुमचा लागेल तर शपथ!’ मग तिनं माझा वर गेलेला हात बघितला. बोर्ड बघितला. आणि कपाळावर हात मारून घेतला. ‘अहो, एकदा विचारायचं तरी!’

टिल्लू दारात येऊन उभा राहिला. हेडफोन गळ्यात लोंबत होते. मला वाटलं आता आरडाओरडा करेल. केला असता तर बरं झालं असतं, माझी तयारी होती. पण त्यानं फक्त विचारलं, ‘लाइट आपलीच गेलीय की सगळ्यांची?’ आणि मग त्यालाही माझा हात दिसला.

‘आत चार माणसं होती, बाबा,’ तो म्हणाला. ‘आठ महिने खेळून इथवर आलो होतो. एवढा एक डाव होता फक्त. तो झाला की मी निघणारच होतो.’

खोलीत गेला. दार लावलं. या वेळी कडी घातली.

मी झटकन खटका वर केला, पण त्याला काय अर्थ होता? अडीच वाजले, पावणेतीन वाजले. एका बाहीला इस्त्री केलेला तो शर्ट खुर्चीच्या पाठीवर तसाच. तीन वाजून गेले. साडेतीनला ही दुकानात निघून गेली, जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि मग गंमत बघा. गेम बंद झाला. खरोखरच बंद. दुसऱ्या दिवशी खोलीतून हूं नाही की चूं नाही. टिल्लू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेवायला हाक मारली तर ‘भूक नाही’. ही म्हणाली, ‘झालं ना तुमच्या मनासारखं? वाटा आता हत्तीवरून साखर.’ कालचा गोंधळ बरा होता, अशी गत झाली होती. त्या ‘डावीकडे, डावीकडे’ला मी इतका सरावलो होतो की ते नाही म्हटल्यावर घर खायला उठलं. तिच्या भावाचा फोन आला, ‘शाब्बास भाऊजी! असाच बाप पाहिजे!’ तेव्हा मला माझीच लाज वाटली. ज्या कामाला तो माणूस शाब्बास म्हणतो, ते काम चुकलंच समजावं.

बुधवारी एका बँकेच्या इमारतीत काम होतं. लिफ्टच्या दाराशी गेलो आणि सवयीनं ओरडलो, ‘आत कोणी आहे का?’ एक ते दहा मोजले. पुन्हा ओरडलो. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. रिकाम्या डब्याला तीनदा विचारणारा माणूस मी. आणि घरात, पोटच्या पोराला, एकदाही नाही? मी तिथंच पायरीवर टेकलो. रखवालदार म्हणाला, ‘मिस्त्री, चक्कर आली का?’ म्हटलं, ‘हो, जरा उशिरा आली.’

संध्याकाळी सातला त्याच्या दारावर टकटक केली. ‘टिल्लू, आत येऊ का?’

मी दहापर्यंत आकडे मोजले. मग कडी निघाली.

खोली मी चौदा महिन्यांत नीट बघितलीच नव्हती. केळ्याची सालं, तीन कप, आणि भिंतीवर पेन्सिलनं काढलेला एक मोठा नकाशा. कुठली वाट कुठं निघते, कोण कुठं उभं राहणार, सगळं बारीक अक्षरात. पट्टी न लावता काढलेल्या इतक्या सरळ रेघा मी आमच्या ऑफिसातही बघितल्या नाहीत.

मी उभ्या उभ्याच म्हणालो, ‘त्या चौघांशी मला बोलायचंय.’

‘कोण चौघं?’

‘तुझे. आत होते ते. त्यांना वाटत असेल, ऐन वेळी तू पळून गेलास.’

‘वाटतंच आहे,’ तो भिंतीकडे बघत म्हणाला. ‘मी काही कळवलंच नाही. काय कळवू? बापानं मेन पाडला म्हणून? मी सत्तावीस वर्षांचा आहे, बाबा.’

‘म्हणून तर मी बोलतो. तू गप्प बस.’

त्यानं माझ्याकडे निरखून बघितलं. मग कॉम्प्युटर लावला. हेडफोन माझ्या डोक्याला बसेनात, आमच्या घराण्यात डोकी मोठी, आत काय आहे ते विचारू नका. शेवटी त्यानं आवाज बाहेरच्या स्पीकरवर घेतला आणि एक इवलासा माइक माझ्यापुढे धरला. आतून एक बाई म्हणाली, ‘अरे, कॅप्टन आला! अहो मास्तर, ड्रायव्हरदादा, या, कॅप्टन आलाय!’

कॅप्टन! मी टिल्लूकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

‘हॅलो,’ मी ओरडलो. लिफ्टमधल्या फोनवर ओरडायची सवय. ‘माझा आवाज येतोय का?’

‘शेजारच्या गल्लीतही येत असेल, काका,’ कोणीतरी म्हणालं.

‘मी त्याचा बाप बोलतोय. सोमवारी तो पळाला नाही. घरातला खटका मी पाडला. रागानं पाडला, न विचारता पाडला. मी लिफ्टवाला आहे, माणसं आत असताना खटका पाडायचा नाही एवढंच मला येतं, आणि तेच मी विसरलो. तुमच्या आठ महिन्यांवर मी पाणी फिरवलं. त्याच्यावर राग धरू नका. मला काय बोलायचं ते बोला.’

मग एक जाड आवाज आला, तो ट्रक चालवणारा. ‘आठ महिने, काका! मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून सराव केलाय. काय हे!’

‘खरंय तुमचं,’ मी म्हणालो.

मघाची ती बाई, तिला सगळे ताई म्हणत, हसायला लागली. ‘आमच्या सासूबाईंनी तर कात्रीनं वायर कापली होती. वर मलाच म्हणाल्या, कात्री बोथट झाली. तुम्ही निदान कबूल तरी केलंत.’ मास्तर म्हणून जे होते ते खरंच शाळेतले मास्तर निघाले. ते म्हणाले, ‘होतं असं. मीही वर्गात आधी कान धरतो, मग विचारतो.’ चौथा माणूस बेकरीवाला. तो काही हसला नाही. ‘मी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं,’ एवढंच म्हणाला आणि निघून गेला. माफी मागितली म्हणून प्रत्येकानं द्यावीच असं थोडंच आहे!

उरलेले म्हणाले, कॅप्टन, एक डाव होऊन जाऊ दे. टिल्लूनं माझ्याकडे बघितलं. मी पलंगावरचे कपडे सरकवून बसलो. ‘खेळ. मी बघतो.’

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पडद्यावर नुसती पळापळ. पण मी ऐकत होतो. एका जागी ती ताई घाबरली, ‘मला काही दिसत नाहीये, मी अडकले!’ म्हणून ओरडायला लागली. आणि टिल्लू अगदी संथपणे म्हणाला, ‘ताई, तुम्ही सुरक्षित आहात. जागेवरून हलू नका. मी आहे इथं. तुमच्या डाव्या हाताला काय दिसतंय ते सांगा.’ अडकलेल्या माणसाशी असंच बोलायचं असतं. नवी माणसं मला वर्ष-वर्ष शिकवावी लागतात, तरी त्यांच्या आवाजातली थरथर जात नाही. हा मुलगा त्या लोटलेल्या दाराआड असं बोलत होता आणि मी बाहेर दात-ओठ खात होतो.

डाव ते हरले. पण सगळे खिदळत होते. साडेआठला टिल्लूनं स्वतःच कॉम्प्युटर बंद केला आणि आमच्याबरोबर जेवायला बसला. हिनं त्याला वाढलं, मला वाढलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. म्हणजे अर्धी माफी मिळाली.

सकाळी मी बूट घालत होतो तर हा समोर उभा. अंघोळ केलेला, दाढी केलेली. चौदा महिन्यांनी हनुवटी दिसली त्याची.

‘साहेबांना फोन लावतो. मेसेज नको, बोलतो.’

‘मी बोलू का आधी? सगळं सांगतो त्यांना.’

‘नको.’

तो खिडकीपाशी गेला. मी एका पायात बूट घालून तसाच बसलो. आतून हीही येऊन उभी राहिली.

‘नमस्कार साहेब. सोमवारी तीनची वेळ मी मागून घेतली आणि आलो नाही. … नाही, आजारी नव्हतो. … नाही, बाबांचा काही संबंध नाही.’

मी हातवारे करायला लागलो. लाइट! लाइट सांग! मेन पाडला सांग! त्यानं माझ्याकडे पाठ फिरवली.

‘चूक माझीच होती. पुन्हा वेळ दिलीत तर येईन. नाही दिलीत तरी बरोबरच आहे.’ मग तो बराच वेळ नुसतं ‘हो’, ‘हो’ म्हणत राहिला. साहेब चांगलीच हजेरी घेत असणार, मला त्यांची सवय माहीत आहे. शेवटी ‘शनिवारी, अकरा, हो’ म्हणून त्यानं फोन ठेवला.

‘अरे, खरं काय ते का नाही सांगितलंस?’ मी म्हणालो. ‘खटका मी पाडला होता!’

‘तुम्ही साडेबाराला पाडलात, बाबा. वेळ तीनची होती. तुमचं ऑफिस इथून चालत वीस मिनिटं. जाता आलं असतं मला.’ तो थांबला. बोलताना माझ्याकडे नाही, खाली बघत होता. ‘तुमचा राग आला होता. पण तीन वाजून गेले ना, तेव्हा मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. तुम्ही खटका पाडला नसता तर मला दुसरं काहीतरी कारण शोधावं लागलं असतं.’

मी हातातला दुसरा बूट खाली ठेवला.

‘त्या चौघांबरोबर दिवसाचे दोनच तास जातात,’ तो म्हणाला. ‘उरलेले दहा-बारा तास मी एकटा खेळतो. जिंकलो तरी काही वाटत नाही. नुसता वेळ जावा म्हणून खेळतो. कोणी ‘सध्या काय करतोस’ विचारलं की मला श्वास लागतो.’

हे त्यानं चौदा महिन्यांत कोणाला सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. आळशी आहे, शेफारलाय, नादाला लागलाय, हेच आम्ही धरून चाललो होतो. मला रडू आलं, सांगायला लाज कसली. त्याची आई पुढं झाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, तिचा हात त्याच्या खांद्यापर्यंत कसाबसा पोचतो.

‘आपण कोणाला तरी दाखवू या,’ ती म्हणाली. ‘आमच्या दुकानाच्या वरच मनाच्या डॉक्टर बसतात, चांगल्या आहेत त्या. मी येईन तुझ्याबरोबर.’

‘बघू,’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘जाईन.’

मी नाक पुसलं, दुसरा बूट घातला. आणि नेहमीसारखं काहीतरी बोललो. ‘शनिवारी तू एकटा जाशील ना? की येऊ मी सोबत?’

विचारलं आणि जीभ चावली. सत्तावीस वर्षांच्या माणसाला कोणी असं विचारतं? पण त्याला राग आला नाही. सहा फूट एक इंचाचा तो माझा मुलगा जरा विचार करून म्हणाला, ‘ऑफिसच्या दारापर्यंत या, बाबा. आत मी जाईन.’